डबऱ्याचा राहिलेला पावसाळा

रतन,

ट्रॅक्टरवाला काल पुन्हा येऊन गेला. बांधावर उभा राहून म्हणाला, "मास्तर, डबरं भरायचं का न्हाई ते एकदाच सांगून टाका. आत्ता घोटाभर पानी हाय, माती लोटली तर बराबर बसंल. गुडघ्याइतकं झालं की मंग दिवाळीपस्तोर माझं नाव घेऊ नका." मी म्हणालो, उद्या सकाळी सांगतो. "हे तुम्ही चैतापासून म्हणून राह्यले," असं म्हणून तो निघून गेला. खोटं काही बोलला नाही. चैत्रात तू होतास आणि आपलं भांडण मिटायचं राहिलं होतं. आता तू नाहीस आणि भांडण आहे तिथंच आहे. एकट्यानं भांडायचं कसं, हे मला येत नाही.

म्हणून आज शाळेच्या आधी हे लिहायला बसलोय. तो आला की त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. त्याच्या आधी तुला सांगितलं पाहिजे.

जालन्याला तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. एक जण उठून म्हणाले, रतनराव अतिशय शांत स्वभावाचे होते. मला हसू आलं, शेजारच्यानं वळून पाहिलं. शांत म्हणे. कंडक्टर माठ आत घेऊ देईना म्हणून शहागडच्या स्टँडवर अख्खी एसटी रोखून धरणारा माणूस. कंडक्टर विचारतोय, माठात काय हाय, आणि तू म्हणतोस, "पाव्हणे हायेत, त्यांचं बी तिकीट फाडा." मग माठातून पाहुणे बोलले आणि पुढच्या सीटवरच्या बाया पाय वर घेऊन बसल्या. हे कुणी सांगितलं नाही. सभेत सगळे उभयचर म्हणाले, जीवसृष्टी म्हणाले, संशोधनकार्य म्हणाले. बेडूक हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. मेलेल्या माणसाच्या सभेत बेडूक म्हणणं बरं दिसत नसावं. मला उठून सांगायचं होतं की अहो, बेडूक म्हणा, त्यानं आयुष्यभर दुसरं काही म्हटलं नाही. पण मी तसाच बसून राहिलो.

तुझे औरंगाबादचे सर आले होते. पायऱ्यांवर माझा हात धरून म्हणाले, "एक पावसाळा अजून मिळायला पाहिजे होता हो. काम जवळजवळ झालं होतं." खरं सांगतो, मला त्या वाक्याचा राग आला. पावसाळ्याचं काय, तो दरवर्षी येतो. डबरं राहतं का नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि ते डबरं माझ्या सातबाऱ्यावर आहे. सरांना हे माहीत नव्हतं. तुला होतं.

ते डबरं काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर कठीण. वडीगोद्रीहून शहागडकडं जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला आमचं रान, आणि रानाच्या टोकाला तो खड्डा. आमच्या पणजोबांच्या काळात गावातल्या भिंतींसाठी तिथून माती उपसली. भिंती गावात गेल्या आणि खड्डा मागं राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं, दसऱ्याच्या आत आटायचं. पिकाच्या कामाचा नाही, विहिरीच्या कामाचा नाही. आमच्या विहिरीवर तुमच्या वस्तीला मज्जाव होता, आणि मला विहिरीत उडी मारायची भीती वाटायची. म्हणून आपली गाठ डबऱ्यात पडली. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात आपण दोघं पोहायला शिकलो, म्हणजे तू शिकलास आणि मी तुझी मान धरून तरलो.

तिथंच तू मला तो बेडूक पहिल्यांदा दाखवलास. मला तर ते मातीचं ढेकूळच वाटलं. गोल, फुगीर, अंगावर मातकट ठिपके. तू त्याला उलटा करून मागचा पाय ताणलास आणि म्हणालास, "बघ, ह्याच्या पायाला खुरपं हाय." खरोखरच टाचेशी एक टणक उंचवटा होता, खुरप्याच्या पात्यासारखा. मग तू त्याला मऊ मातीवर ठेवलंस. तो मागच्या मागं माती उकरत बुडानं खाली जाऊ लागला. तोंड आपल्याकडंच. हळूहळू पोट गेलं, पुढचे पाय गेले, शेवटी नुसते डोळे राहिले, आणि मग तेही मिटून मातीत गेले. आपण किती वेळ त्या जागेकडं बघत बसलो होतो. मी म्हणालो, मेला. तू म्हणालास, "न्हाई रे. घरी गेला."

एवढ्यावर तू बी.एस्सी. केलंस, एम.एस्सी. केलंस. लोक डॉक्टर व्हायला सायन्सला जातात, तू बेडकासाठी गेलास. औरंगाबादहून सुट्टीला आलास की तुझ्या तोंडात नवे शब्द असायचे आणि डोळ्यांत तीच जुनी हाव. सर तुला म्हणाले होते, बेडकावर काम करायचं तर कोकणात जा, घाटात जा, आपल्याकडं आहे काय, ढेकळं. तू म्हणालास, सर, माझा बेडूक ढेकळाखालीच असतो. हे तू मला डबऱ्याच्या काठावर उकिडवं बसून सांगितलंस आणि पोट धरून हसलास. पुढं म्हणालास, "दिगू, बेडूक पान्यातून भाईर आला, पन पानी त्याला सुटलं न्हाई. अंडी घालायला पानीच लागतं. मंग ज्या मुलखात पानी दोन म्हैने टिकत न्हाई तिथं हा राह्यला कसा? कवा शिकला हा मातीत जायला? सगळा इतिहास ह्याच्या एका पायात हाय." तू त्याला कोरडवाहू बेडूक म्हणायला लागलास. सरांच्या विषयात त्याचं लांबलचक लॅटिन नाव होतं. आपल्या दोघांत मात्र तो कोरडवाहूच राहिला.

कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पहिल्याच वर्षी तुझं तिथं वाजलं. प्रॅक्टिकलसाठी पोत्यानं बेडूक यायचे, प्रत्येक पोराला एक, चिरायला. तू म्हणालास, एका टेबलाला एक पुरतो, बाकीचे तिघं नुसते बघतील. वरिष्ठ म्हणाले, तुम्हाला बेडकांची दया येते तर इतिहास शिकवा. तू परत आलास तो धुमसत. "दया न्हाई येत रे. हिशोब येतो. पोत्यात आहेत ते कुठल्या तरी डबऱ्यातून आणलेले हायेत, आन त्या डबऱ्यात आता डास हायेत." मी म्हणालो, गप नोकरी कर. तू नोकरीही केलीस आणि गप्पही बसला नाहीस. ती तुझी जुनीच खोड.

आता ती गोष्ट. शोकसभेत कुणालाच माहीत नसलेली, आणि गावात कुणीच न विसरलेली.

बहात्तरचा दुष्काळ. डबरं फुटून भेगाळलं होतं. तुझे बाबा दुष्काळी कामावर तलावाची माती खणायला जायचे. एक दिवस ते धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधून आले. दोन कोरडवाहू बेडूक. हातभर खोल, कडक मातीत, एका पातळ कोशात गुंडाळलेले, डोळे मिटलेले आणि जिवंत. सगळी माणसं खणत होती, पण ते बघून थांबले ते तुझे बाबाच, आणि फावडं बाजूला ठेवून त्यांनी हातानं माती काढली. तुझ्यापुढं सोगा सोडला तेव्हा त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलंय. मुलाच्या शिक्षणात आपलाही हात लागला, याचा तो आनंद होता. तू ते बेडूक ओल्या मातीच्या माठात ठेवलेस आणि माठ खाटेखाली.

आणि मग गावानं धोंडी काढायची ठरवलं. धोंडी म्हणजे मुसळाला कडुनिंबाचा पाला, त्यात बेडूक बांधायचा, दारोदार हिंडायचं, बायांनी पाणी ओतायचं आणि पाऊस मागायचा. पाऊस मागायला सगळे तयार होते, पण साऱ्या शिवारात बेडूक मिळेना. पोरांनी विहिरी शोधल्या, नदीचं पात्र शोधलं. तेव्हा कुणाला तरी तुझा माठ आठवला. गावातले चार जाणते तुमच्या वस्तीत आले. तोवर त्यांच्यातला एकही तुमच्या दारापर्यंत आलेला नव्हता. अंगणात उभे राहून त्यांच्यातले महादूअण्णा म्हणाले, "रतन, एक बेडूक दे बाबा. गावाचं काम हाय." तुझे बाबा आतून बाहेर आले आणि म्हणाले, "न्हाई. आमी ते सगळं सोडलंय. छप्पन सालीच सोडलंय."

तू म्हणालास, "देतो. पन मुसळाला बांधायचा न्हाई. माठात राहील आन माठ माझ्या डोक्यावर राहील."

आपलं पहिलं मोठं भांडण त्याच संध्याकाळी झालं. मी तुला काय काय बोललो. एम.एस्सी. झालास, शाळेतल्या पोरांना मी कोणत्या तोंडानं सांगू की बेडकाचा आणि पावसाचा असा संबंध नसतो. तू शांतपणे ऐकून घेतलंस. सभेतल्या त्या माणसाचं खरं ठरवायला म्हणून बहुतेक. मग म्हणालास, "ते दुसरीकडून आनतील. मुसळाला आवळतील, उन्हात दिवसभर फिरवतील, संध्याकाळी फेकून देतील. माझ्या हातानं गेला तर जित्ता परत येईल."

आणि तू गेलास. अंगाला कडुनिंब, डोक्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ. पुढं हलगी, मागं पोरं. ज्या घरांत प्यायला पाणी पुरत नव्हतं त्या घरांतल्या बाया तांब्या घेऊन दारात आल्या आणि तुझ्यावर पाणी ओतत राहिल्या. पाटील गल्ली, मग मारुतीच्या पुढची गल्ली, मग आमची. आमच्या आईनंही ओतलं. संध्याकाळी तू निथळत डबऱ्यावर आलास, माठाचं गोणपाट सोडलंस आणि बेडूक दाखवलास. डोळे उघडे होते. इतकं पाणी अंगावर आल्यावर त्याला वाटलं असणार की साल सुधारलं.

पाऊस काही आला नाही. बेडूक मात्र जगला.

तेव्हा तू मला दुसरं कारण सांगितलंस. डोक्याचं पाणी पुसत, माझ्याकडं न बघता. "दिगू, पाटील गल्लीतून जाताना बाबा चप्पल हातात घेयाचे. मी ल्हान व्हतो, बोट धरून चालायचो, चप्पल माझ्या डोळ्यांसमोर लोंबायची. त्या गल्लीच्या मधोमध आज मी चप्पल घालून चाललो. पानी वरूनच ओतलं म्हणा, ते काय नवं न्हाई. पन ह्या टायमाला हात जोडून ओतलं." मी म्हणालो, मग हे बाबांना सांग. तू म्हणालास, "ते बोलतील तवा सांगतो."

ते बोलले नाहीत. बरेच दिवस तुझ्याशी अवाक्षर नाही. मला वाटेत गाठून एकदाच म्हणाले, "मास्तर, म्या हातानं काढलेला बेडूक त्यानं धोंडीला देला. जे आमी पायाखाली घातलं ते त्यानं डोक्यावर घेतलं." पुढं घरात बोलणं सुरू झालं, जेवण, दवापाणी, नोकरी, सगळं. पण बेडकाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि डबऱ्याकडं ते फिरकले नाहीत. तूही त्यांच्याइतकाच हट्टी. सांगतो सांगतो म्हणत सात पावसाळे घालवलेस.

दुष्काळ सरला आणि तुझं खरं काम डबऱ्यात सुरू झालं. दर शनिवारी जालन्याहून यायचास. रंगाच्या रेघा मारलेला बांबू मधोमध रोवलास, पाणी किती उतरलं ते बघायला. पाणी आटत चाललं की बेडकाची पिल्लं घाई करतात, लवकर पाय फोडतात, हे तुला सिद्ध करायचं होतं. "ज्याला घाई जमली तो टिकला," असं म्हणून तू हसायचास. "मी बी आटत्या पान्यातलाच हाय. मॅट्रिकला नापास झालो असतो तर दुसरा चान्स कोन देनार व्हतं?" मी छत्री धरायचो. ओढणीच्या कापडाची गाळणी धरायचो. चिखलात बसून माझ्या धोतराचं वाटोळं झालं आणि बायकोनं तुझ्या नावानं बोटं मोडली, ते वेगळंच. दिवेलागणीला बेडूक बोलायला लागले की माझी परीक्षा सुरू. काळोखात एक आवाज आला की विचारायचास, "हा कोन?" मी म्हणायचो, "बेडूक." दुसरा आवाज. "आन हा?" "बेडूक." तू कपाळाला हात लावायचास. "मास्तर हायेस का कोन हायेस?" मला त्या आवाजांत खरंच रस नव्हता. तुझ्या चिडण्यात होता.

मग कालवा आला. आमची वाटणी झाली, थोरल्या दादांनी रस्त्याकडचं रान घेतलं, डबऱ्याचं टोक माझ्याकडं आलं. बारमाही पाणी येणार म्हटल्यावर माणसाला जे सुचतं ते मला सुचलं. डबरं भरायचं, सपाट करायचं, ऊस लावायचा. मला वाटलं तू खूश होशील. मी म्हणालोसुद्धा, रतन, आता तुझ्या बेडकांची ददात मिटली, बारा महिने पाणी. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं मी काही अभद्र बोललो.

"बारा म्हैने पानी म्हंजे मासे. मासे म्हंजे ह्याची पिल्लं खल्लास. मोठा डराव बेडूक येईल, तोही खाईल. दिगू, जे आटतं तेच ह्याचं घर हाय. ज्याला सगळे निकामी म्हणतेत ना, तेवढंच ह्याला मिळालं, आन त्याच्यावर त्यानं लाखो वर्षं काढली."

मी म्हणालो, तुला कालवा नकोय का? तू भडकलास. "माझ्या बापानं दुष्काळात मातीच उपसली ना पान्यासाठी? कालवा पायजे, बिलकुल पायजे. फकस्त ह्ये डबरं सोड." मी म्हणालो, बेडकासाठी शेत पडीक ठेवणारा माणूस दाखव मला एक. तू म्हणालास, "त्येच तर शोधून राह्यलो."

आता तू उत्तर देणार नाहीस, तरी सांगतो, माझंच बरोबर होतं. शिक्षकाच्या पगारात दोन पोरी शिकवायच्या आहेत. आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडं बघत काढल्या. पाणी दाराशी आल्यावर त्यातला तुकडा बेडकासाठी टाक म्हणणं सोपं आहे, ज्याचं रान नाही त्याला. हे मी तुला म्हणालो होतो आणि तू लगेच म्हणालास, "बराबर. आमाला रान न्हाईच." ते ऐकणं मला भांडणापेक्षा जड गेलं.

तरी तोड निघाली. तू म्हणालास, दोन पावसाळे दे, काम संपतं, मग भर नाहीतर विक. मी म्हणालो, दोन, वर एक दिवस नाही. गेल्या साली पहिला झाला. ह्या साली चैत्रातच माझा धीर सुटला, कालव्याची चारी बांधापर्यंत आली होती, थोरले दादा रोज टोचत होते. मी ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं आणि तुला सांगितलं. तू आलास, ओरडलास, मी ओरडलो. आणि वैशाखात तुझे डोळे पिवळे दिसायला लागले.

गावठी औषध झालं, मग जालन्याला न्यायचं ठरलं. फाट्यापर्यंत बैलगाडी, पुढं गाडी मिळेल ती. तुला आडवं व्हायला सांगितलं तर तू ऐकलं नाहीस. गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून, तोंड माझ्याकडं करून बसलास. मी थोडं अंतर मागून चालत आलो. तू म्हणालास, "एक झाला, एक राह्यला, ध्यानात ठेव." मी म्हणालो, आधी बरा होऊन ये, मग भांडू. गाडी वळेपर्यंत तू माझ्याकडंच बघत होतास. मीही उभा होतो.

परत तुला पाहिलं ते बोलण्याच्या पलीकडं.

रतन, करमत नाही रे. हे वाक्य पोरांनी निबंधात लिहिलं तर मी लाल शाईनं खूण करतो, पण मला दुसरं सुचत नाही. शनिवारी एसटीचा हॉर्न ऐकला की मी खडू खाली ठेवतो. बायको, जिनं तुझ्या नावानं बोटं मोडली, तिनं परवा गाळणी धुऊन खुंटीला टांगली.

काल ट्रॅक्टरवाला गेल्यावर दिवेलागणीला मी डबऱ्यावर बसलो होतो. दोन मोठे पाऊस झालेत, घोटाभर पाणी आहे, तुझा बांबू अजून उभा आहे. मागून चप्पल वाजली. तुझे बाबा. बांधावरच थांबले.

"मास्तर, हायेत का?"

"या ना बाबा. बसा."

ते पाण्याकडं बघत बसले. बेडकांचा गलका चालला होता. मग म्हणाले, "ट्रॅक्टरवाला म्हणत व्हता, उद्या बुजवणार म्हून. बुजवा. तुमचं रान हाय. म्या काय त्येच्यासाठी न्हाई आलो."

"मग?"

"त्येचा बेडूक कंचा बोलतो, तेवढं ऐकवा. म्या त्येला हातात घेतल्ता, पन ह्येचा आवाज कवाच ऐकला न्हाई. इथं आलोच न्हाई ना."

मी त्यांना काय सांगणार होतो? मला कुठं येत होतं. आणि तेवढ्यात एक मोठा, खोल आवाज आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा नाही. हा डराव." पुढचा एक बारीक, किरकिरा. "हाही नाही. हा काठावरचा." मी मलाच ऐकत होतो. इतकी वर्षं बेडूक बेडूक म्हणत तुला चिडवलं, आणि तू सगळं माझ्या कानात भरून ठेवलंस, मला पत्ता न लागू देता. "थांबा," मी म्हणालो. आम्ही थांबलो. पलीकडच्या काठाकडून भरड, घाईचा आवाज आला, रिकाम्या डब्यावर कुणी बोटं वाजवावीत तसा. थांबला. पुन्हा आला.

"हा," मी म्हणालो. "हा कोरडवाहू."

बाबांनी मान खाली घातली आणि ऐकत राहिले. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. तू सांगतो म्हणाला होतास ते मी सांगून टाकलं. पाटील गल्ली, हातातली चप्पल, तुझ्या डोळ्यांसमोर लोंबणारी. हात जोडून ओतलेलं पाणी. सगळं, तुझ्याच शब्दांत, जमेल तसं. तुझी परवानगी नव्हती. पण तू आलास तर विचारीन.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यो तवा एवढासा व्हता. मला वाटलं, त्येला काय कळतंय." आणि थोड्या वेळानं, "त्येनं पाह्यलं व्हतं म्हणा की." डोळे पुसले नाहीत त्यांनी, वाहू दिले. उठताना बांबूकडं बोट दाखवून विचारलं, "त्या रेघा कशाच्या?" मी म्हणालो, पाणी किती उतरलं ते रोज बघायचं असतं. "रोज?" "हो." ते म्हणाले, "म्या रिकामाच असतो," आणि बांधावरून निघाले. चप्पल वाजत गेली.

फाट्यावरून ट्रॅक्टर वळल्याचा आवाज येतोय. उठायला पाहिजे. त्याला दिवाळीपर्यंत काम नाही म्हणून सांगणार आहे, थोरले दादा काय बोलायचं ते बोलतील. पण तू फार खूश होऊ नकोस. मी काही हरलेलो नाही. दोन पावसाळे ठरले होते, एक झाला, हा दुसरा, आणि वायद्याला मी पक्का आहे. पाणी बाबा बघतील, पिल्लं मी बघीन, तुझ्या सरांना कळवीन. मग चैत्रात डबरं भरणार म्हणजे भरणार. ऊस लावणार. तुला ते पटणार नाही, मला माहीत आहे. तर असं कर, चैत्रात ये. नेहमीसारखा बांधावर उभा राहा, ओरड, आणि मला अडव.